वेताळ आणि व्हँपायर

व्हँपायर या पाश्चात्य पिशाचाला मराठीत वेताळ म्हणावे की म्हणू नये, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ कोशकारांचा वाटतो. आणि कोशकारांच्या प्रश्नांविषयी सामान्य वाचक जी उदासीनता दाखवतो ती येथेही क्षम्य मानली जाईल. परंतु हा प्रश्न आता कोशाच्या पानांतून निघून मुलांच्या हातांतील यंत्रांत जाऊन बसला आहे. जपानमधील स्क्वेअर एनिक्स या कंपनीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फायनल फँटसी थर्टीन’ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला ज्या विद्रूप शत्रूंशी लढावे लागते, त्यांत एकाचे नाव ‘वेताला’ आहे आणि दुसऱ्याचे ‘रक्तविज’, म्हणजे देवीमाहात्म्यातील आपला रक्तबीज. त्यांच्याच पंक्तीला ‘व्हँपायर’ नावाचा शत्रू आहे, स्लाव्ह लोकांची ‘पियावित्सा’ आहे, मलायातील ‘पेनंगलन’ आहे. जगभरची पिशाचे एका दावणीला बांधण्याच्या या उद्योगात आमचा वेताळही बांधला गेला. त्याने रक्त पिण्याची कीर्ती कधी आणि कोठे मिळवली, याची चौकशी करावी असे आम्हांस वाटते.

ही चौकशी इंदूरजवळच्या राऊ गावातून करण्यात एक औचित्यही आहे. येथून विक्रमाची उज्जयिनी फार तर दोन तासांच्या वाटेवर आहे. होळकरशाहीपासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांत विक्रम-वेताळाच्या गोष्टी दोन्ही वाटांनी आलेल्या आहेत: एक दक्षिणेकडून आणलेली शिदोरी, दुसरी येथल्याच मातीतली. अशा घरांतील मुलाला वेताळाचे नाव प्रथम आजीच्या तोंडून कळावे की जपानी खेळाच्या इंग्रजी आवृत्तीतून, हा ज्याचा त्याचा योग. मात्र दोन्ही ठिकाणी भेटणारा वेताळ एकच नव्हे, एवढे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

प्रथम व्हँपायरकडे वळू. हा प्राणी मूळचा खेडवळ. १७१८च्या तहाने सर्बियाचा उत्तर भाग ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली आला, आणि तेथील लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांना गावकऱ्यांच्या विलक्षण तक्रारी ऐकाव्या लागल्या. किसिलेवो गावातील पेटर प्लोगोयोवित्स हा मेल्यावर रात्री येऊन लोकांचे गळे दाबतो, अशी तक्रार १७२५ साली झाली. प्रेत उकरण्यात आले, छातीत खुंटी ठोकून ते जाळण्यात आले, आणि या सर्वाचा अहवाल व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. पुढे आर्नोल्ड पाओले नावाच्या माणसाच्या प्रकरणात फ्लुकिंगर या लष्करी शस्त्रवैद्याने १७३२ साली सहीनिशी अहवाल दिला. व्हँपायर हा शब्द पश्चिम युरोपच्या भाषांत रुळला तो या कागदपत्रांमुळे. हा मूळचा व्हँपायर फुगलेल्या अंगाचा, तांबड्या तोंडाचा शेतकरी होता. तो कोणा सरदाराच्या पोशाखात वावरत नव्हता आणि कोणा तरुणीशी गोड बोलतही नव्हता. त्याला उमराव केले ते साहित्याने. बायरनचा वैद्य पोलिडोरी याची ‘द व्हँपायर’ ही कथा १८१९ची. लफानूची ‘कार्मिला’ १८७२ची. आणि ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ची. सूर्यप्रकाशाने व्हँपायर नाहीसा होतो ही आज सर्वांस परंपरागत वाटणारी गोष्टसुद्धा स्टोकरकडे नाही. त्याचा ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर हिंडतो, फक्त त्याचे सामर्थ्य त्या वेळी क्षीण झालेले असते. उन्हाने मरणारा व्हँपायर १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने रूढ केला. लोककथा म्हणून आपण जे स्वीकारतो त्यातील पुष्कळसे भांडवल असे कालपरवाचे असते.

आता वेताळ. संस्कृत वाङ्मयातला वेताळ म्हणजे प्रेतात शिरलेले भूत. प्रेत दुसऱ्याचे, वाणी त्याची. तो स्वतः मेलेला माणूस नव्हे. मेलेल्या माणसाचे घर रिकामे पाहून त्यात राहायला आलेला भाडेकरू होय. व्हँपायरमध्ये मृत मनुष्य स्वतःच्याच देहात परततो आणि स्वतःच्याच आप्तांना छळतो. वेताळाला आप्त नाहीत, सूड नाही, पोट भरण्याची निकडही दिसत नाही. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त भैरवाचार्य महाश्मशानात वेताळसाधना करतो तेव्हा प्रेताच्या छातीवर बसून त्याच्या मुखात अग्नी प्रज्वलित करून आहुती देतो. ही साधना भयंकर खरी, पण तिचा रोख सिद्धीकडे आहे. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात जे स्मशान उभे केले आहे, त्यात मांसावर तुटून पडणारी पिशाचे आहेत आणि त्यांना नरमांस विकायला निघालेला माधवही आहे. किळस आणि भीती यांचे इतके दाट मिश्रण संस्कृत रंगभूमीवर अन्यत्र क्वचित आढळेल. म्हणजे रक्तमांस खाणारी पिशाचे आमच्या कवींना ठाऊक नव्हती असे नाही. परंतु त्यांनी ते काम बहुधा वेताळाकडे दिले नाही. वेताळाकडे त्यांनी गोष्ट सांगण्याचे काम दिले.

ही गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे, तरी तिचा एक धागा मराठी वाचकाच्या ध्यानात सहसा राहत नाही. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला; त्यात वेताळाच्या कथा ऐकणारा राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य नाही. तो त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीतीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो, त्या फळांत रत्ने निघतात, आणि मग ऋणात सापडलेल्या राजाला तो कृष्णचतुर्दशीच्या रात्री स्मशानात बोलावून शिंशपा वृक्षावर लटकलेले प्रेत आणावयास सांगतो. पुढे ही कथा पैठणहून उज्जयिनीस आली. तिचे प्रस्थान नेमके कोणत्या वर्षी झाले हे कोणी सांगू शकणार नाही. नाव मिळतेजुळते होते, विक्रमाची कीर्ती मोठी होती, आणि कीर्तिमंतांच्या दाराशी कथा आपण होऊन येतात. माळव्यातल्या मराठी माणसाला या प्रवासाचे नवल वाटू नये. तोही त्याच दिशेने आलेला आहे.

कथेचा कणा वेताळाच्या अटीत आहे. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालावे. वाटेत वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. उत्तर दिले तर मौन मोडले, आणि वेताळ पुन्हा झाडावर. मृत्यू टाळावा तर कार्य बिघडते आणि कार्य साधावे तर मृत्यू ओढवतो, असा हा पेच आहे. त्यातून सुटण्याचा मार्ग एकच: उत्तर खरोखर माहीत नसणे.

प्रश्नही कसे? मंदारवतीचे तीन चाहते. ती मेल्यावर एक तिच्या रक्षेवर निजून दिवस काढतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा भटकत जाऊन संजीवनीचा मंत्र मिळवून आणतो. ती जिवंत होते. आता ती कोणाची? राजा म्हणतो, जिवंत करणारा तो पिता, अस्थी नेणारा तो पुत्र, आणि रक्षेवर निजून राहिला तोच पती. दुसऱ्या एका कथेत मदनसुंदरीचा पती आणि बंधू देवीपुढे शिरे कापून घेतात, आणि जिवंत करताना ती घाईघाईने एकाचे मस्तक दुसऱ्याच्या धडावर ठेवते. पती कोणता? मस्तक ज्याचे, तो. कारण सर्व गात्रांत मस्तक श्रेष्ठ, असा राजाचा निवाडा. या एका पेचावर टोमास मानने १९४० साली जर्मन भाषेत लघुकादंबरी लिहिली आणि गिरीश कर्नाडांनी १९७१च्या सुमारास ‘हयवदन’ नाटक उभारले. मात्र राजाचा निवाडा त्या दोघांनाही पुरेसा वाटला नाही, आणि ते योग्यच झाले. पाहण्यासारखे हे की मृतांचे उठणे, देहाची अदलाबदल, स्मशानातील वस्ती असे जे जे व्हँपायरकथेत थरारासाठी येते, ते सारे येथे न्यायाचा प्रश्न म्हणून येते. शेवटच्या चोविसाव्या प्रश्नात तर भयाचा लवलेशही नाही. बाप आणि मुलगा वाटेत दोन स्त्रियांच्या पावलांचे ठसे पाहतात. मोठ्या पावलाची बापाने वरावी, लहान पावलाची मुलाने, असे ठरते. आणि मोठ्या पावलाची निघते कन्या, लहान पावलाची तिची आई. या दोन जोडप्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय? राजा निरुत्तर होतो, चालत राहतो. आणि त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळ त्याला भिक्षूचा कपटी बेत सांगतो. ज्याला आपण पकडून न्यायचे, तोच अखेर वाचवतो.

गावगाड्यातला वेताळ याहून वेगळा, पण तोही रक्तपिपासूंच्या यादीत बसत नाही. पुण्याच्या टेकडीला त्याचे नाव आहे, आणि आजच्या गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन स्टीव्हन्सन या पाद्र्याने पुण्याच्या आसपास वेताळाची ठाणी पाहून वर्णन लिहिले. मध्ये शेंदराचा पाषाण, भोवती वर्तुळात मांडलेले, चुन्याने पांढरे केलेले आणि टोकाला तांबडे रंगवलेले दगड. हे दगड म्हणजे वेताळाचे सैन्य. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीही पुणे परिसरातील या पाषाणांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक त्याला चामड्याचे भलेमोठे जोडे वाहतात, केळ्यांचे घड अर्पण करतात, आणि जोडे झिजलेले दिसले की देव फिरून आला असे मानतात. गोव्यात लोलये, आमोणे येथे तो दगडी मूर्तीच्या रूपाने उभा आहे, आणि पैंगीणला त्याच्या देवळाशी गड्यांची जत्रा भरते. भुतांचा तो राजा, म्हणून भुते आवरण्याचे काम त्याचे. आपण रागीट माणसाला ‘आग्यावेताळ’ म्हणतो त्यातही संताप आहे, तहान नाही.

मग वेताळाला व्हँपायर कोणी केले? याचे उत्तर एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. रिचर्ड बर्टन हा १८४२ साली मुंबईस आला, मुंबई सैन्याच्या पायदळात बडोद्याला राहिला, मराठीची परीक्षा उत्तीर्ण झाला, गोव्यावर त्याने १८५१ साली पुस्तकही प्रसिद्ध केले. या माणसाने १८७० साली वेताळपंचविशीतील अकरा कथा स्वैरपणे इंग्रजीत सांगितल्या आणि ग्रंथाला नाव दिले ‘विक्रम अँड द व्हँपायर’. त्याला वेताळ कोण हे कळत नव्हते असे मुळीच नव्हे. परंतु इंग्रज वाचकाला वेताळ शब्द अपरिचित, व्हँपायर परिचित. पोलिडोरीनंतरच्या अर्धशतकात त्या शब्दाला बाजार मिळाला होता. बर्टनने आणखी एक गोष्ट केली. संस्कृतातले प्रेत झाडाला लटकत असते. बर्टनचा बेताल बरगड्या निघालेल्या अंगाने, पायाच्या बोटांवर, मोठ्या वटवाघळासारखा उलटा लोंबकळतो. उलटे लोंबकळण्याने चित्र उठावदार झाले आणि व्हँपायर या नावाशी त्याची सांगड पक्की बसली. बर्टनला स्टोकर ओळखत होता. १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या हेन्री आयर्विंगच्या आठवणींत त्याने बर्टनच्या चर्येचे वर्णन करताना त्याच्या सुळ्याचीही आठवण नोंदली आहे. यावरून ड्रॅक्युलाच्या रक्तात वेताळाचा अंश शोधण्याचा मोह काहींना होतो. आम्ही तो टाळतो. बर्टनचा ग्रंथ वाचणाऱ्याला त्यातला बेताल रक्तावर जगत नाही हे लगेच कळते. गोंधळ ग्रंथामुळे फारसा झाला नाही, शीर्षकामुळे झाला. कारण ग्रंथ थोडे वाचतात आणि शीर्षक सर्वजण.

याच्या उलट उदाहरण मध्य आशियात आहे. वेताळकथा तिबेटात गेल्या, मंगोलियात ‘सिद्धी-कुर’ या नावाने रुळल्या. तेथे राजा राहिला नाही, झाड बदलले, कथाही बऱ्याच बदलल्या. पण पाठीवर प्रेत, प्रेताच्या तोंडी कथा, आणि वाहणाऱ्याने बोलायचे नाही ही अट टिकून राहिली. त्या भाषांतरकारांनी वस्त्र बदलले, प्राण ठेवला. बर्टनने कथा ठेवल्या आणि नावाला दुसऱ्याचा प्राण दिला.

आमच्याकडेही या नावाचे हाल कमी झालेले नाहीत. फोर्ट विल्यम कॉलेजसाठी लल्लूलाल आदींनी ‘बैताल पचीसी’ हिंदुस्थानीत १८०५ साली सिद्ध केली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळ पंचविशी’ १८३०ची, म्हणजे मराठी मुद्रित गद्याच्या पहाटेची. ‘चांदोबा’ मासिकाने मुलांना विक्रम आणि वेताळ दर महिन्याला भेटवले. मूळ पंचवीस कथा कधीच संपल्या, तरी नव्या रचून मालिका दशकानुदशके चालली. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आले. हे सर्व एका वंशातले. परंतु इंद्रजाल कॉमिक्सने १९६४पासून ली फॉकचा ‘फँटम’ भारतात आणला, तेव्हा त्या मुखवटेधारी गोऱ्या वनरक्षकाचे मराठी नामकरण ‘वेताळ’ असे झाले. बंगालीत त्याला ‘अरण्यदेव’ म्हणाले, ते नाव अधिक समर्पक होय. अर्थात एका पिढीचा वेताळ जंगलात कवटीच्या गुहेत राहून चाच्यांशी लढत होता, आणि त्या पिढीला त्यात काही वावगे वाटले नाही. २०२०च्या ‘बेताल’ या मालिकेत तर ईस्ट इंडिया कंपनीचे मेलेले सैनिकच त्या नावाच्या छत्राखाली उठून आले.

रक्त पिण्याचा आरोप आमच्या समाजाने कोणावर केला, हे सांगितल्यावाचून ही चौकशी अपुरी राहील. कोकणातील मुंजा, समंध, हडळ, खवीस, देवचार यांची माहिती एन्थोव्हेनने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणांत आहे. ती नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून मागवली होती. त्या सैन्यात झपाटणारे, वाट चुकवणारे, मागणी मागणारे पुष्कळ. रक्तावर जगणारा असा एकही नायक नाही. ते काम लोकसमजुतीने जिवंत बाईकडे दिले. माळव्यात आणि भिल्ल मुलखात तिला डाकण म्हणत: ती नजरेने मुलाचे काळीज खाते असा समज. महूला, म्हणजे राऊच्या पुढच्याच छावणीत ज्याचे वास्तव्य होते, त्या जॉन मालकमच्या मध्य हिंदुस्थानवरील १८२३च्या ग्रंथात या समजुतीची दखल आहे. सर्बियातल्या शेतकऱ्याने मेलेल्याच्या छातीत खुंटी ठोकली. ती विटंबना खरी, पण प्रेताला वेदना नव्हत्या. येथे दोष विधवेवर, एकाकी म्हातारीवर, जिच्या शेताच्या तुकड्यावर कोणाचा डोळा आहे अशा बाईवर ठेवला गेला, आणि ती जिवंत होती. मेवाडात १८५३ साली या प्रथेवर बंदी घातली गेली. छत्तीसगडला टोनही-विरोधी कायदा २००५ साली करावा लागला. महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये केला, तो नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर चार महिन्यांनी. आपली रक्तपिपासू पिशाचकथा हवी असलेल्याने हे आधी वाचावे. तिचे मनोरंजन करताना हात थोडा अडखळला पाहिजे.

आता खेळांकडे. व्हिडिओ गेमने व्हँपायरला इतक्या आनंदाने का स्वीकारले, याचे कारण आम्हांला केवळ थराराच्या हौसेत दिसत नाही. खेळाला नियम लागतात, आणि व्हँपायर हा नियमांनी बनलेला प्राणी आहे: ऊन चालत नाही, क्रूस चालत नाही, आमंत्रणावाचून उंबरठा ओलांडता येत नाही. लोकसमजुतीतील निषेध जसेच्या तसे खेळाचे नियम होतात. कोनामीचा ‘कॅसलव्हेनिया’ १९८६ साली आला. त्यात चाबूकधारी वीर ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरून मजले चढत जातो, आणि व्हँपायर हा वरच्या टोकाशी बसलेला शेवटचा शत्रू, एवढेच त्याचे काम. पुढे खेळाडूच व्हँपायर होऊ लागला. स्वीडनच्या स्टनलॉक स्टुडिओजचा ‘व्ही रायझिंग’ (प्राथमिक रूपात २०२२, पूर्ण रूपात २०२४) यात दिवस उजाडला की खेळाडूला झाडांच्या आणि भिंतींच्या सावल्या धरून चालावे लागते. सावली सरकली की अंग जळू लागते. १९२२च्या मूकपटातील एक कल्पना येथे बोटांच्या सवयीत उतरली आहे. हे साहित्याला जमले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. वाचक ड्रॅक्युलाच्या उन्हाविषयी वाचतो; खेळाडू ऊन टाळतो.

यांत आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारा खेळ डॉन्टनॉड या फ्रेंच कंपनीचा ‘व्हँपिर’ (२०१८) वाटतो. काळ १९१८चा, लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ. नायक जोनाथन रीड हा रक्तविज्ञानाचा डॉक्टर आणि नुकताच झालेला व्हँपायर. वस्तीतील प्रत्येक माणसाशी त्याने बोलावे, त्याचे गुपित जाणावे. आणि जितके अधिक जाणावे तितके त्या माणसाचे रक्त त्याला अधिक सामर्थ्य देणारे ठरते. माणसाची गोष्ट ऐकून घेणे म्हणजे त्याची किंमत वाढवणे. खेळाडूने त्याला मारायचे की नाही हे त्यानंतर ठरवायचे. ही रचना वाचताना वेताळाची आठवण न होणे कठीण आहे, कारण ती नेमकी उलटी आहे. येथे पिशाच गोष्टी ऐकते आणि त्यांचे भक्ष्य करते. तेथे पिशाच गोष्टी देते आणि राजाचा विवेक जागा ठेवते. निर्मात्यांच्या मनात वेताळ नसावा. तरी दोन दूरच्या वाटा एका चौकात येऊन पाठमोऱ्या उभ्या राहाव्यात तसे हे झाले आहे.

‘फायनल फँटसी’मधल्या त्या ‘वेताला’कडे परत येऊ. तो बोलत नाही; प्रश्न विचारत नाही; त्याला मारून पुढे जायचे असते. नाव तेवढे आपले. मात्र तो ज्या वर्गातला आहे त्याची कल्पना निव्वळ टाकाऊ नाही. त्या खेळाच्या विश्वात काही माणसांवर दैवी शक्ती एक कार्य लादतात. कार्य पुरे न झाले तर तो माणूस विद्रूप होऊन भटकत राहतो. कार्य अपुरे राहिले म्हणून भटकणे ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आमचा मुंजा सोडमुंज होण्याआधी मेलेला, आमचा समंध वासना अडकून राहिलेला. म्हणजे नाव वेताळाचे, आणि कर्मकहाणी मुंजाची! जपानी कल्पकांना ही सरमिसळ ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. इंग्रजी कोशांतून जे नाव ‘एक प्रकारचा व्हँपायर’ म्हणून बाहेर गेले ते तसेच वापरले गेले.

खरी हळहळ वेगळीच आहे. व्हँपायर नियमांचा प्राणी म्हणून खेळात शोभला म्हणावे, तर वेताळकथा ही आरंभापासून खेळच आहे. अट आहे, अट मोडल्याची शिक्षा आहे, हरल्यावर पुन्हा त्याच झाडापाशी जाऊन आरंभ करणे आहे. आजचा खेळाडू एकच पायरी चोवीस वेळा हरतो आणि पुन्हा उठतो, यासाठी त्याला कोणी चिकाटीचे प्रशस्तिपत्र देत नाही. विक्रमाला मात्र लोकांनी हजार वर्षे दिले. आणखी एक बारकावा पाहा. बहुतेक खेळांत बरोबर उत्तराने डाव पुढे सरकतो. येथे बरोबर उत्तर दिले की डाव मागे जातो. येथे जिंकायचे ते अज्ञान प्रामाणिकपणे कबूल करून, कळ न दाबता, खांद्यावरचे ओझे तसेच वाहत. बोटे थांबवणे हाच विजय असलेला खेळ रचणाऱ्याचे काम सोपे नाही. ठाऊक असून गप्प बसलेला आणि ठाऊक नाही म्हणून गप्प बसलेला, यांतला भेद वेताळाला कळतो. यंत्राला तो कसा कळावा? ही अडचण आम्ही क्षुल्लक मानत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला, त्यात दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून कथा पुढे जाते. जुन्या कथनाची रीत खेळात नांदू शकते एवढे तरी त्यावरून दिसले. वेताळाला सांगण्याची हौस त्या दोन देवतांपेक्षा कमी नाही.

राहता राहिला शब्दाचा प्रश्न. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून मराठीत कादंबरी बेतली तेव्हा तिला ‘लुचाई’ हे नाव दिले. त्या नावातून ‘लुचणे’ या घरगुती क्रियापदाची चाहूल लागते आणि अंगावर काटा येतो. मराठीने या पिशाचासाठी स्वतःचा शब्द घडवायचे ठरवले तर त्याची दिशा ही. तोवर ‘व्हँपायर’ हाच शब्द देवनागरीत लिहावा. ‘रक्तपिपासू’ विशेषण म्हणून चालेल. ‘पिशाच’ हा सर्वांना पुरणारा सैल अंगरखा आहे, तो अडचणीच्या वेळी वापरावा. ‘वेताळ’ मात्र वापरू नये. आणि इंग्रजीत जाताना वेताळाचा व्हँपायर करू नये. ‘वेताळ’ असेच ठेवून, लागल्यास एक ओळ खाली द्यावी: प्रेतात राहतो, गोष्टी सांगतो, प्रश्न विचारतो.